धुतलेला मुंगळा

मकसूदभाईंना डाग सहन होत नसे. कुणाला पानाचा शौक असतो, कुणाला कबुतरांचा. यांना धुण्याचा होता. लातूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते बावीस वर्षं अटेंडंट होते, आणि त्या बावीस वर्षांत त्यांच्या हातून गेलेली काचेची नळी कुणी दुसऱ्यांदा पुसली नव्हती. बेडूक चिरून पोरं घरी गेली की हे ट्रे घासायला बसायचे. उठायचे तेव्हा त्या ट्रेत कुणी भात वाढला असता तरी निदान त्यांनी स्वतः तो बिनघोर खाल्ला असता. प्राचार्य कुणीही असोत, पाहुण्यांना आधी ग्रंथालय दाखवायचे, पण शेवटचा मुक्काम मकसूदभाईंच्या बेसिनपाशीच व्हायचा.

हे वेड मूळचं कंधारचं. वडील तिथं रंगारी होते. साड्या, फेटे, ओढण्या रंगवून द्यायचे आणि पोराला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे: कापडात तेलाचा अंश राहिला तर रंग धरत नाही, आधी तेल काढ, मग बाकीचं. पुढे मिलच्या छापील कापडाने तो धंदा बसवला, वडील गेले, मकसूदभाई नोकरीसाठी लातूरला आले. आधी तेल काढायचं ही सवय मात्र बोटांत राहिली ती राहिलीच.

त्र्याण्णव सालचं लातूर म्हणजे मेरिटचं गाव. बारावीच्या बोर्डाच्या यादीत इथली पोरं झळकायला लागल्यापासून बिलोली, देगलूर, उदगीर, कुठून कुठून आई-बाप लेकरांना ट्रंकेसकट आणून सोडत. ज्याला दोन खोल्या त्याने एक भाड्याने दिलेली. गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान एखादेवेळी नसेल, पण फिजिक्स-केमिस्ट्रीची पाटी असायचीच. बायोलॉजीचे क्लासवाले सर संध्याकाळी हळूच कॉलेजात येत आणि मकसूदभाईंना म्हणत, जरा झुरळाची पेटी द्या, उद्या सकाळी परत आणतो. मकसूदभाई देत, पण आधी सरांना हात धुवायला लावत.

घरी चांदबी आणि ते, दोघंच. मूल नव्हतं. त्याचं जे काय दुःख करायचं ते दोघांनी तरुणपणीच करून घेतलं होतं आणि आता त्या विषयावर कुणी बोलत नसे. घरात दखनी आणि मराठी अशी खिचडी चालायची, चांदबीची कोंबडी अंगणात हिंडायची, आणि मकसूदभाई जुम्म्याला बाहेर निघाले की त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याकडे बघून गल्लीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना टोमणे मारायच्या.

तीस सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. गणपती बोळवून लोक नुकते कुठे आडवे झाले होते. लातुरात भिंतींना भेगा गेल्या. पण औशाच्या पलीकडे, तेरणा नदीच्या अंगाला जी गावं होती, त्यातली कितीतरी राहिलीच नाहीत. तिथल्याच एका गावात मकसूदभाईंची धाकटी बहीण दिलेली होती. नवरा पिंजारी, कापूस पिंजून गाद्या भरून द्यायचा. काळ्या दगडाची नि मातीची घरं, हातभर रुंद भिंती, डोक्यावर मातीचं धाबं. ते धाबं खाली बसलं. बहीण, मेहुणा आणि पाळण्यातला भाचा, अशा तिघांना मकसूदभाईंनी माती दिली आणि चौथीला कडेवर घेऊन घरी आले.

चौथी म्हणजे भाची मनतशा, सहा वर्षांची. जवानांनी तिला दाराच्या चौकटीखालून बाहेर काढली तेव्हा तिच्या मुठीत आईची नमाजची ओढणी होती, आणि ती मूठ कुणालाच सोडवता आली नव्हती.

अंगावर चार ओरखडे, बाकी काही नाही. पण पोर बोलेना. सारं लातूर तेव्हा घराबाहेर झोपत होतं. यांनीही अंगणात ताडपत्री बांधली. चांदबीने शेवया केल्या, अंडं उकडलं, कोंबडी मांडीवर आणून दिली. पोर कोंबडीकडे बघायची, ओढणी नाकाशी धरायची आणि भिंतीपासून लांब सरकायची. दुधाच्या घोटांवर पंधरा दिवस काढून एका सकाळी तिने भाकरीचा घास घेतला, तो मकसूदभाईंच्या हातून. चांदबीच्या नव्हे, त्यांच्या. त्या दिवशी मकसूदभाई कॉलेजभर सगळ्यांना चहा पाजत फिरले. अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाला एवढा आनंद लपवता येत नाही, आणि त्यांनी लपवलाही नाही.

ओढणी मूळची पांढरी मलमलीची. आता तिला कुठला रंग म्हणावा हा प्रश्न होता. माती, चुना, पावसाचं पाणी. आणि मधोमध, जिथे ती डोक्यावर यायची तिथे, खोबरेल तेलाचा तळहाताएवढा पिवळा डाग. मनतशा नेमकी तीच जागा नाकाशी धरायची. मकसूदभाई बघायचे तेव्हा त्यांना पोर दिसायची आणि, खोटं कशाला बोला, डागही दिसायचा.

गेलेल्यांचा चाळीसावा दिवस जवळ आला. फातिहा होणार, नातलग येणार, भोकरहून मनतशाचा चाचा अजहर येणार. घरातलं सगळं कापड धुऊन झालं. तेव्हा चांदबी म्हणाली, "अजी, ती ओढणी तेवढी राहू द्या. तिला हात नक्को लावू."

"अगं, माझ्या बहिणीची नमाजची ओढणी हाय," मकसूदभाई म्हणाले. "तिच्या चाळीसाव्याला ती अशी मळकी ठेवू? लोक काय म्हणतील, भावाच्या घरी पाणी न्हाई?"

"लोकांचं सोडा. पोरीचं बघा."

"पोरीसाठीच करायलो ना."

शनिवारी दुपारी पोर झोपली होती, मूठ सैल पडली होती. मकसूदभाईंनी ओढणी अलगद काढून घेतली आणि कॉलेज गाठलं.

तेलाचा जुना डाग साबणाला दाद देत नाही, हे रंगाऱ्याच्या पोराला सांगायला नको. प्रयोगशाळेच्या कपाटात पेट्रोलियम इथरची बाटली होती. कुठल्याही चरबीला विरघळवणारं पाणी ते. खिडक्या उघडून, ट्रेत ओढणी पसरून त्यांनी वरून ते ओतलं. एकदा नाही, दोनदा. इथर उडून गेलं तेव्हा ट्रेच्या तळाशी पिवळसर सायीसारखं काहीतरी राहिलं. ते त्यांनी कापसाच्या बोळ्याने पुसलं आणि बोळा फेकून दिला. मग रिठ्याच्या पाण्यातून काढलं, नीळ दिली, गच्चीवर उन्हात वाळवलं. वडिलांनी बघितलं असतं तर पाठ थोपटली असती, इतकी ओढणी निघाली.

घरी येऊन त्यांनी ती स्वतःच्या हाताने मनतशाच्या खांद्यावर घातली आणि समोर उकिडवे बसून वाट बघत राहिले.

तिने एकदा वास घेतला. पुन्हा घेतला. ओढणी उलटीसुलटी केली, मधली जागा शोधली, तिथे नाक खुपसलं. मग घडी शेजारी ठेवून ती खाटेखाली वाकून बघायला लागली.

"काय शोधायलीस बेटा?"

"अम्मीची ओढणी."

"हीच की ती."

"न्हाई. ही दुकानातली हाय."

चाळीस दिवसांत ती एवढं बोलली नव्हती, आणि मकसूदभाईंना ते ऐकवेना. तिने ट्रंक बघितली, कणगीमागे बघितलं, कोंबडीच्या खुराड्यात हात घालून बघितलं. मग अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन बसली. रात्रीचा घास मकसूदभाईंनी पुढे केला तर तिने तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही फिरवलं. चांदबी चार शब्द बोलली असती तर मकसूदभाईंना बरं वाटलं असतं.

चाळीसाव्याला अजहर आला. भोकरला त्याचंही गाद्या भरायचंच दुकान; शांत, पापभीरू माणूस. त्याने पुतणीकडे बघितलं, तिच्या गळ्याची हाडं बघितली आणि जाताना मकसूदभाईंना बाजूला घेऊन म्हणाला, "भाईजान, तुमच्यावर माझा काई आरोप न्हाई. पण पोर इथं रमंना झाली. माझ्या घरी चार लेकरं हायत, त्यांच्यात खेळंल. दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत बघू. खायला लागली, तुम्हांला धरून राहायला लागली, तर तुमची. न्हाई तर मी येऊन नेतो."

बापाच्या भावाचा हक्क मोठा, आणि बोलणं रास्त. मकसूदभाईंनी मान हलवली. दोन आठवडे हातात होते आणि पोर त्यांच्याकडे बघतही नव्हती.

मंगळवारी ते प्रयोगशाळेत गेले तेव्हा राजश्री मॅडम वाट बघत होत्या. मॅडम नांदेडच्या, वय अठ्ठावीस, नव्या लागलेल्या. एम.फिल.साठी त्यांनी दोन काचेच्या पेट्यांत मुंगळे पाळले होते. एक वारूळ कॉलेजच्या कडुनिंबाखालचं, दुसरं बसस्टँडमागचं. मुंगळ्यांना रोज साखरपाणी देणं हे मकसूदभाईंचं काम, आणि ते त्या पेट्यांच्या काचाही रोज पुसत, हे सांगायला नकोच.

"मकसूदभाई, तुमचा हात हलका आहे," मॅडम म्हणाल्या. "पाच मुंगळे बर्फावर गार करून ठेवलेत. कापसाच्या बारीक बोळ्याला इथर लावून त्यांचं अंग पुसून काढायचं. चिरडता कामा नये."

धुण्याचं काम आणि मकसूदभाई नाही म्हणतील? त्यांनी पाचही मुंगळे पुसले, मॅडमनी प्रत्येकाच्या पाठीवर पांढऱ्या रंगाचा एकेक ठिपका दिला, आणि ऊब लागून ते हलायला लागल्यावर त्यांना त्यांच्याच पेटीत, कडुनिंबाच्या वारुळात, परत सोडलं.

पहिला ठिपकेवाला चार पावलं चालला असेल, दोन मुंगळे येऊन त्याच्यासमोर उभे राहिले. मिशा लावल्या, काढल्या, परत लावल्या. आणखी दोघं आले. चावलं कुणी नाही. पण वाटही सोडेनात. ठिपकेवाल्याने तोंड उघडून घास मागितला, तर समोरचा मागे सरला. शेवटी एकाने त्याचा पाय धरला आणि ओढत ओढत पेटीच्या त्या कोपऱ्यात नेऊन टाकला, जिथे ते आपले मेलेले मुंगळे नेऊन टाकत. बाकीच्या चौघांचंही तेच झालं.

"मॅडम, हा त्यांचाच हाय की," मकसूदभाई म्हणाले. "आत्ता तासाभरापूर्वी याच पेटीतनं काढला."

"त्यांना ते कळत नाही," मॅडम म्हणाल्या. "मुंगळ्याच्या अंगावर मेणाचा थर असतो. मुंगळ्याच्याच नाही, झुरळाच्या, माशीच्या, धान्यातल्या किड्याच्यासुद्धा. इतका पातळ की साध्या भिंगातून दिसणार नाही. एवढंसं शरीर, त्यात पाण्याचा टिपूस. वरून मेण नसेल तर ते पाणी उडून जाईल आणि किडा वाळून मरेल."

"म्हणून आमची चांदबी तुरीच्या बियाणाला राख चोळती का? भुंगा लागत न्हाई म्हणती."

मॅडमना ते इतकं आवडलं की त्यांनी ते लगेच वहीत लिहून घेतलं. "बरोबर! राख ते मेण शोषून घेते, खरवडून काढते. भुंगा विषाने नाही मरत, सुकून मरतो. पण मेणाचं आणखी एक काम आहे. त्यातच यांची ओळख असते. प्रत्येक वारुळाच्या मेणाचा वास निराळा. मिशा लावतात ना, तेव्हा ते वास घेऊन बघतात, हा घरचा की परका. तुम्ही आता इथरने तो थर काढलात. म्हणजे हा घरचाही नाही आणि परकाही नाही. त्यांना ओळखायला काही उरलंच नाही."

मकसूदभाईंच्या हातात अजून ती बाटली होती. कपाटातली तीच बाटली. त्यांनी ती ओट्यावर ठेवली आणि स्टुलावर बसले. मग त्यांनी मॅडमना सगळं सांगितलं. ओढणीचं, डागाचं, ट्रेच्या तळाशी राहिलेल्या सायीचं, आणि तो बोळा आपण कुठे टाकला त्याचं. वयाने वीस वर्षांनी लहान बाईसमोर त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

मॅडमनी उगाच धीर दिला नाही, हे त्यांचं मोठेपण. मग मकसूदभाईंनीच विचारलं, "आता यांचं फुडं काय होतं?"

"बरेचसे मरतात. पाणी टिकत नाही अंगात. जो जगतो, त्याच्या अंगावर मेण परत येतं. ते आतून येतं, शरीरच करतं. आठवडाभर तरी लागतो. घरचा वास मात्र बाकीचे देतात. एकमेकांना चाटतात, तोंडातला घास तोंडात देतात, त्यातून तो पसरतो. आपण वरून चोळून लावू म्हटलं तर होत नाही."

"आन् तवर काय करायचं?"

"ओला कापूस ठेवायचा जवळ. गर्दी नको. सोबतीला घरचा एखादाच."

मकसूदभाईंनी कोपऱ्यात टाकलेले पाचही मुंगळे चिमट्याने उचलले, छोट्या डबीत ओल्या कापसावर ठेवले आणि डबी प्रयोगशाळेतच ओट्यावर सोडून घरची वाट धरली. कॉलेजला दिवाळीची सुट्टी लागत होती, मॅडम नांदेडला निघाल्या होत्या. डबी आता त्यांच्याच भरवशावर होती.

घरी चांदबी ज्वारी पाखडत होती. त्यांनी तिला सांगितलं. ती सूप खाली ठेवून म्हणाली, "मला काय सांगायलात? तिला सांगा."

मनतशा कोपऱ्यात बसली होती. मकसूदभाई तिच्यापासून हातभर लांब जमिनीवर बसले.

"बेटा, ती दुकानातली न्हाई. ती अम्मीचीच हाय. मी धुतली."

ती बघत राहिली.

"डाग काढायला गेलो. चुकलं माझं. लई चुकलं."

"त्यातली अम्मी कुठं गेली?"

अल्लाच्या घरी गेली, असं म्हणता आलं असतं. सगळे तेच म्हणत होते. मकसूदभाई म्हणाले, "मी पुसून टाकली."

पोर उठली आणि दोन्ही मुठींनी त्यांना मारायला लागली. तोंडावर, छातीवर, जिथे लागेल तिथे. मारता मारता रडायला लागली, आणि भूकंपानंतर ती पहिल्यांदाच रडत होती. चांदबी धावली, पण मकसूदभाईंनी हाताने तिला थांबवलं. त्यांनी तो मार पुरता खाल्ला. शेवटी पोर दमली आणि तिथेच जमिनीवर झोपी गेली. तिला उचलून खाटेवर ठेवायचा मोह त्यांनी आवरला. चादर तेवढी घातली.

दोन दिवसांत चार मुंगळे सुकून मेले. तिसऱ्या दिवशी सकाळी मकसूदभाई चपला घालता घालता चांदबीला म्हणत होते, "एक राहिलाय बिचारा. त्यालाबी मीच धुतलंय."

मागून आवाज आला, "त्यालाबी?"

मनतशा दारात उभी होती. त्यांनी मागे वळून बघितलं तोवर तिने चपला घातल्याही होत्या. आपल्यासारखाच आणखी कुणी या माणसाच्या तावडीत सापडला आहे, हे तिला बघायचं असावं. रस्ताभर ती त्यांच्यामागे दहा पावलं अंतर ठेवून चालली.

कॉलेज ओस पडलं होतं. मकसूदभाईंनी तिच्यासमोर डबी ठेवली आणि मॅडमनी सांगितलेलं, कपाटातल्या इथरसकट, जसं समजलं होतं तसं सांगितलं. ती स्टुलावर गुडघ्यांवर बसून भिंगातून बघत राहिली. मग म्हणाली, "कापूस वाळलाय."

खरंच कडेने वाळला होता. मकसूदभाईंनी ड्रॉपर तिच्याकडे सरकवला. तिने दोन थेंब टाकले, विचार केला आणि तिसरा टाकला. मुंगळा हळूहळू कापसापाशी आला आणि त्याने तोंड टेकवलं.

त्या दिवसापासून ते तिचं काम झालं. सकाळी निघायचं, कापूस भिजवायचा, साखरेचा थेंब द्यायचा, आणि दुपारपर्यंत बघत बसायचं. मकसूदभाईंनी पेटीतला एक मुंगळा आणून सोबतीला सोडला. तो आधी समोरच्या टोकाला जाऊन बसला. दिवसभर बसून राहिला. "हा का जवळ येत न्हाई?" मनतशाने विचारलं. "त्याला ओळख पटंना झालीय," मकसूदभाई म्हणाले. "मग सांगा ना त्याला." "आपण सांगून त्याला कळत न्हाई बेटा." तिला हे पटलं नाही. तिने डबीला तोंड लावून त्या मुंगळ्याला बराच वेळ काहीतरी समजावून सांगितलं. मकसूदभाई तोवर परीक्षानळ्या पुसत राहिले. त्या आधीच लख्ख होत्या.

दिवाळी झाली. सोडल्यापासून चौथ्या दिवशी सोबती उठून जवळ आला, मिशा लावून परत गेला. सहाव्या दिवशी मनतशा ओरडली, "मामू!"

तिने त्यांना अशी हाक कधी मारली नव्हती. त्यांनी भिंगातून बघितलं. दोघं तोंडाला तोंड लावून उभे होते आणि मधे एक चकाकणारा थेंब होता.

"काय करायलेत?"

"घास द्यायलाय त्याला."

तिने परत भिंगातून बघितलं. मग म्हणाली, "त्याला मागचं आठवतं का?"

"ते मला न्हाई माहीत," मकसूदभाई म्हणाले. माहीत नव्हतंच.

तिने त्यांचा जेवणाचा डबा स्वतःच ओढला, उघडला आणि भाकरी-पिठलं खायला लागली. मकसूदभाईंनी तिच्याकडे वळून बघितलं नाही. भिंगाला डोळा लावून ते नुसते बसून राहिले; आता बघितलं तर ती थांबेल, अशी त्यांना भीती होती. बुधवारी मॅडम येणार होत्या, तेव्हा दोघांनाही पेटीत सोडून बघायचं ठरलं होतं.

पण सोमवारी अजहर आला.

तो येऊन खाटेवर बसला, चांदबीने पाणी दिलं. मनतशा आतून बाहेर आली, त्याच्याजवळ गेली आणि एकदम थबकली. मग तिने त्याच्या सदऱ्याला नाक लावलं. पिंजलेल्या कापसाचा, धुळीचा आणि घामाचा तो वास. कापूस पिंजणाऱ्या माणसाचा. ती त्याच्या मांडीवर चढली आणि त्याच्या छातीत तोंड खुपसून बसली. अजहरने तिला दोन्ही हातांनी कवेत घेतलं. "माझ्या भावाची लेक," तो नुसतं म्हणत राहिला, "माझ्या भावाची लेक."

मकसूदभाई उंबऱ्यात उभे राहून बघत होते. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, अहो ती परवा माझ्या डब्यातनं जेवली, मला मामू म्हणाली. पण बारा दिवस मुंगळे बघितलेल्या माणसाला ओळख पटलेली कळते. ते आत गेले आणि तिचे कपडे घडी करायला लागले. दोन झगे, एक स्वेटर, चांदबीने दिवाळीत शिवलेला घागरा. चांदबी चुलीपाशी पाठ करून बसली होती आणि तिची पाठ हलत होती.

दुपारी तिघं बसस्टँडवर गेले. मनतशा चाचाचं बोट धरून नीट चालली. नांदेडची गाडी लागली, तिथून पुढे भोकर. अजहर गाठोडं घेऊन चढला, खिडकीजवळची जागा धरली आणि त्याने हाक मारली. मनतशाने एक पाय पायरीवर ठेवला आणि वळली.

"मामू, कापूस कोण भिजवंल?"

"मी भिजवतो की."

"किती थेंब?"

"तीन."

"बुधवारी त्याला घरात कोण सोडंल?"

"मॅडम येतील. मीबी असतो."

ती विचारात पडली. मागची माणसं चढायला खोळंबली होती. एकीने तिला जरा बाजूला केलं.

"ते इथर कुठं हाय?"

"कपाटात."

"कपाटाला कुलूप हाय?"

हो म्हणायला काय लागलं असतं? पण या पोरीशी मकसूदभाई खोटं बोलू शकत नव्हते. "न्हाई," ते म्हणाले.

मनतशाने पायरीवरचा पाय खाली घेतला. खिडकीखाली जाऊन तिने मान वर केली.

"चाचा, मी न्हाई येत. ईदला येते. मामूंना धुवायची लई सवय हाय. त्यांच्याजवळ कुणीतरी पायजे."

अजहरने तिच्याकडे बघितलं, मग मकसूदभाईंकडे. कंडक्टरने घंटी दिली. अजहर हसला, की रडला, ते काचेतून नीट दिसलं नाही. पण त्याने गाठोडं खिडकीतून खाली दिलं.

मकसूदभाईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं, छातीशी धरलं आणि स्टँडभर माणसं असताना मोठ्याने रडले. गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत मनतशा त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून उभी राहिली. मग तिने ते टोक ओढलं.

"चला मामू. कापूस वाळला असंल."